सातवें आसन

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांतून एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेनें पुसलेला आढळतो. घरांत माणसें सात-आठ, मिळकत बेताची, आणि तरुण मंडळींनीं मोटारीचा धोशा लावलेला. अशा स्थितींत सात माणसांची ती स्वस्तांतली मोटार घ्यावी किंवा कसें, आणि ज्यांनीं घेतली त्यांचा अनुभव काय? आम्ही ह्या विद्येंतले तज्ज्ञ नव्हों. आमचीं छत्तीस वर्षें मुलांकडून विभक्ति घोकून घेण्यांत गेलीं. परंतु दोन वर्षांपूर्वीं आमच्या साताऱ्याच्या घरीं अशी एक गाडी आली, व्याह्यांकडे आली, शेजारींहि आली. तेव्हां स्वतः बसून पाहिलेलें आणि जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकलेलें असें जें आहे तें येथें मांडावें असें योजिलें आहे. आमची गाडी कोणत्या कारखान्याची आणि कोणत्या दुकानांतून घेतली तें मात्र सांगणार नाहीं. स्तुति केली तर ती जाहिरात होते, आणि उणें काढलें तर वैर; मासिकाच्या पानास दोन्ही नकोत.

ह्या जातीच्या गाडीचा आपल्याकडील कुलवृत्तान्त फार जुना नाहीं. १९८४ सालीं मारुतीनें आपली व्हॅन काढली. पुढें तिला ओम्नी म्हणूं लागले. नाक म्हणून नाहीं, सगळा आकार पेटीसारखा, ७९६ घनसेंटिमीटरांचें लहानसें इंजिन पुढच्या आसनांखालीं, आणि बाजूस सरकणारें दार. तिच्यांतून मुलें शाळेस गेलीं, रोगी इस्पितळांत गेले, वऱ्हाडें निघालीं, आणि भाजीहि बाजारांत आली. २०१९ सालीं ती निघावयाची बंद झाली. मध्यंतरीं, २००१ सालीं, त्याच कारखान्यानें व्हर्सा नांवाची थोरली गाडी काढली होती. तिच्या जाहिरातींत अमिताभ बच्चन व त्यांचे चिरंजीव असे उभयतां होते. लोकांनीं जाहिरात कौतुकानें पाहिली, आणि किंमत ऐकून ते घरीं गेले. पुढें २०१० सालीं तोच सांगाडा, अलंकार उतरवून, इको ह्या नांवानें पुष्कळच कमी किंमतीस आला, आणि तो मात्र लोकांनीं उचलला. लोकांस डौल नको होता, जागा हवी होती. २०१२ ची अर्टिगा ह्याहून ऐसपैस. परंतु ती चार मीटरांहून लांब, म्हणून महागहि. चार मीटरांच्या आंत सात आसनें बसविण्याचा खटाटोप २०१५ त डॅटसनच्या गो प्लसनें केला, आणि २०१९ च्या ऑगस्टांत रेनोच्या ट्रायबरनें केला. ट्रायबरची प्रारंभींची किंमत ४ लाख ९५ हजार होती. सध्यां घरोघर जिची चर्चा चालते ती ही चार मीटरांच्या आंतली जात.

आतां हे चार मीटर कोठून आले? २००६ च्या अर्थसंकल्पांत सरकारनें असा भेद केला कीं, लांबी ४,००० मिलिमीटरांपर्यंत, आणि इंजिन पेट्रोलचें असल्यास १,२०० व डीझेलचें असल्यास १,५०० घनसेंटिमीटरांपर्यंत, ती लहान गाडी. आणि लहान गाडीवरचा अबकारी कर शेंकडा २४ होता तो १६ वर आणिला. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला तरी ती रेघ पुसली गेली नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर रेघेच्या आंत शेंकडा १८ व बाहेर शेंकडा ४० असें अंतर पडलें आहे. चार मीटर म्हणजे जुन्या मापानें पावणेनऊ हात. त्यांत पुढें इंजिन बसवावयाचें, मग चालकाची रांग, मग मधली रांग, आणि ह्या सर्वांनीं आपापलें घेतल्यावर जें उरेल तें तिसऱ्या रांगेचें. ट्रायबरची लांबी ३,९९० मिलिमीटर आहे. रेघेच्या आंत अवघा एक सेंटिमीटर. शेवटच्या आसनावर बसणाराचे गुडघे कोठवर यावेत हें, एका अर्थानें, दिल्लीच्या अर्थखात्यानें ठरविलेलें आहे!

संस्कृतांत ‘या’ म्हणजे जाणें ह्या धातूपासून ‘यान’ झालें, आणि ‘वह्’ म्हणजे वाहून नेणें ह्यापासून ‘वाहन’. दुकानदार आपणांस दाखवितो तें यान: गिऱ्हाईक एक, शेजारीं विक्रेता, सपाट रस्ता, आणि गाडी कशी झुळकन् जाते पाहा! घरास हवें असतें तें वाहन. ह्या वर्गांतली गाडी रिकामी असतां सुमारें साडेनऊशें किलो भरते. तींत सात माणसें बसलीं, दर माणशीं साठ किलो धरले, तर ४२० किलो झाले. वर सामान पन्नास किलो. म्हणजे गाडीनें स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्में ओझें पाठीवर घ्यावयाचें, आणि तें ओढावयास ९९९ घनसेंटिमीटरांचें तीन सिलिंडरांचें, सुमारें ७२ अश्वशक्तीचें इंजिन. एकट्यानें चालवून पाहिलेली गाडी आणि सात माणसें भरलेली गाडी ह्या दोन निराळ्या गाड्या समजाव्या.

आमच्या थोरल्या सूनबाईंस हें गणित कोणी शिकविलें नव्हतें. परंतु त्या सहकारी बँकेंत नोकरीस आहेत आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर सही करीत नाहींत. गाडी पाहावयास जावयाचें ठरलें तेव्हां त्यांनीं घरांतल्या सातहि माणसांस तयार होण्यास सांगितलें. आम्ही उभयतां, आमच्या थोरल्या वहिनी (वय वर्षें त्र्याहत्तर, आमच्या बंधूंच्या माघारीं त्या आमच्याकडेच असतात), चिरंजीव, सूनबाई, आणि दोन नातवंडें. दोन रिक्षांतून ही वरात उतरतांना पाहून विक्रेता गांगरला. तरुण होता, नम्र होता. म्हणाला, “साहेबांनीं आणि मॅडमनीं चालवून पाहिली तरी पुरे. बाकीच्यांनीं एसींत बसून चहा घ्यावा.” सूनबाई म्हणाल्या, “गाडी सात माणसांची आहे असं तुम्हीच म्हणालांत ना? आम्ही सात आलों आहोंत.”

मग एक पेंच निघाला. विक्रेत्यानें बरोबर आलेंच पाहिजे असा दुकानाचा नियम, आणि तो आठवा. अखेर मोठ्या नातवास दुकानांतच ठेवण्यांत आलें. विक्रेता संवयीनें पुढें चालकाशेजारीं बसूं लागला, तों सूनबाईंनीं त्यास शेवटच्या रांगेंत बसविलें; शेजारीं धाकटी नात. आणि गाडी काढली ती सरळ यवतेश्वरच्या घाटांत. वाऱ्याचें यंत्र चालूं, माणसें सात. दुसऱ्याच वळणाला तिसरा गियर गुदमरला. चिरंजीवांनीं दुसरा घातला, तेव्हां इंजिनानें आवाज मोठा केला आणि मुकाट्यानें चढूं लागलें. चढली, हें सांगितलें पाहिजे. कोठें अडली नाहीं, मागें आली नाहीं. परंतु मागून येणारे दोन मालट्रक आमच्यावर फार वेळ चिडले असतील. वर पठारावर गाडी थांबली तेव्हां विक्रेता बाहेर येऊन बराच वेळ पाय झाडीत उभा होता. तो म्हणाला, “साहेब, दीड वर्ष मी ही गाडी विकतोंय, पण ह्या सीटवर आज पहिल्यांदाच बसलों.” हा मुलगा आम्हांस फार आवडला. परततांना सूनबाई स्वतः तेथें बसल्या आणि उतरल्यावर त्यांनीं निकाल दिला कीं, येथें मोठ्या माणसानें अर्धा तास बसावें, त्यापुढें बसवूं नये.

गाडी घेतली ती ह्या निकालासकट घेतली. घरांत एक पद्धति ठरली. वहिनींचें आसन चालकाशेजारचें, कायमचें. पुढचें आसन घरच्या वडील पुरुषाचें अशी आपल्याकडे एक अनुक्त समजूत असते. ती आमच्या घरीं पहिल्याच आठवड्यांत निकालांत निघाली. शेवटचीं दोन आसनें पाळीनें, दर मुक्कामास बदलावयाचीं, आणि पाळींतून पुरुषांस सूट नाहीं. गेल्या माघांत आम्ही कुलस्वामीच्या दर्शनास, व्याडेश्वरास, गुहागरला गेलों. उंब्रजपासून पाटणपर्यंत शेवटच्या आसनाची पाळी आमची होती. आमची उंची पांच फूट आठ इंच. गुडघे पोटाशीं, टाच टेकावयास जागा नाहीं म्हणून पाऊल तिरपें, डोकें छताशीं, आणि मागची चाकें नेमकीं खालीं असल्यामुळें रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा प्रथम आमच्या मणक्यास कळे, मग इतर मंडळींस. सुखासनांत बसल्याचा हा प्रकार नव्हे; योगशास्त्रांत ह्यास निराळें नांव असेल. पाटणास उतरून आम्हीं ती जागा चिरंजीवांस देण्याची उदारता दाखविली, आणि चालविण्याची पाळी सूनबाईंवर आली. मुलें मात्र तेथें आनंदानें बसतात. त्यांचे पाय आखूड, आणि मागच्या कांचेंतून दिसणाऱ्या जगाचें त्यांस अप्रूप.

आतां व्याह्यांकडची गोष्ट सांगतों. ती सांगावी किंवा नाहीं ह्याविषयीं आम्ही विचारांत होतों, परंतु व्याह्यांनींच “अवश्य लिहा” असें कळविलें आहे. ते कोल्हापुरास असतात. त्यांच्याकडे त्यांच्या वडील भगिनी आहेत. सारें घर त्यांस आत्याबाई म्हणतें. वय अठ्ठ्याहत्तर. गाडी आल्यावर पहिली फेरी जोतिबाची झाली, दुसरी पंढरपूरची. दोन्ही खेपेस आत्याबाई शेवटच्या आसनावर बसल्या. त्यांस कोणीं तेथें बसविलें असें नाहीं. पुढें व्याही, मध्यें विहीणबाई, सून आणि मांडीवर मूल, असें एकेक जण बसत गेलें आणि जी जागा राहिली ती त्यांची झाली. मधलें आसन वाकवून त्या फटींतून मागें शिरतांना त्या दर वेळीं “थांबा हं जरा” एवढेंच म्हणत. तिसऱ्या खेपेस, नरसोबाच्या वाडीस जावयाचें ठरलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “मला आतां प्रवास सोसत नाहीं रे. तुम्ही जाऊन या. घराला राखणहि होईल.” सर्वांस तें खरें वाटलें. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं प्रवास न सोसणें ह्यांत वावगें तें काय?

महिन्याभरानें एके गुरुवारीं आत्याबाई सकाळीं लवकर आवरून निघाल्या, आणि सुनेस सांगून एस.टी.नें एकट्या वाडीस गेल्या. राज्यांत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या माणसांस एस.टी.चा प्रवास फुकट आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच. दुपारीं परतल्या त्या प्रसादाचे पेढे घेऊन, आणि मोठ्या खुशींत. सुनेनें, म्हणजे आमच्या कन्येनें, न राहवून पुसलें, “आत्या, मोटार सोसत नाहीं आणि एस.टी. सोसते?” त्या म्हणाल्या, “अगं, तिथं पाय सोडून बसतां येतं. कंडक्टर पुढच्या सीटवर बसवतो. उतरायचं झालं तर कुणाला उठवावं लागत नाहीं.” एवढेंच. तक्रारीचा सूर नाहीं, टोमणा तर नाहींच.

आमच्या व्याह्यांनीं हें ऐकलें तेव्हां ते जेवत होते. कन्या सांगते कीं, ते त्या दिवशीं ताक न घेतांच उठले. सात लाखांची मोटार दारांत, आणि वडील बहीण फुकट तिकिटावर एस.टी.च्या पुढच्या आसनासाठीं जाते. पुढच्या आठवड्यापासून त्यांच्याकडे मधल्या रांगेंतलें दाराशेजारचें आसन आत्याबाईंचें झालें आणि शेवटच्या आसनावर घरचा मिळवता मुलगा बसूं लागला. त्यावर थोडी कुरकूर झाली, तीहि आम्हांस कळली आहे. परंतु मुलगा बसतो. अशा गाडींत शेवटचें आसन कोणास मिळतें तें पाहिलें असतां त्या घरांत कोण बोलत नाहीं तें कळतें. बहुतेक घरीं ती सून असते, परत आलेली बहीण असते, किंवा एखादी म्हातारी असते. मोटारीनें ही रीति निर्माण केली नाहीं; पंगतींतहि ती होती. परंतु पंगत अर्ध्या तासांत उठते आणि गुहागरचा रस्ता पांच तास चालतो.

सामानाची कथा थोडक्यांत. सातहि आसनें मांडलीं असतां ट्रायबरमध्यें मागें ८४ लिटरांची जागा उरते असें कारखानाच सांगतो. दोन मध्यम पिशव्या आणि छत्र्या, त्यापुढें लोणच्याची बरणीहि नाहीं. तिसरी रांग काढून ठेविली कीं तीच जागा ६२५ लिटर होते. म्हणजे माणसें तरी न्या किंवा सामान तरी न्या. ह्यावर कित्येक जण टपावर जाळी बसवून घेतात. जाळी बसविल्यास वर हलकें, कपड्याचेंच, सामान ठेवावें. डबे, भांडीं, पाण्याचे कॅन खालीं पायांशीं असावेत. उंच गाडीच्या माथ्यावर ओझें चढलें कीं वळणावर ती एका अंगास झुकते, आणि मागें बसलेल्यांस ओकाऱ्या होऊं लागतात. सीएनजीची टाकी मागें बसविली तर जी थोडीबहुत जागा आहे तीहि जाते. रोजचें फिरणें पुष्कळ असेल त्यासच तो सौदा परवडेल. काढलेल्या आसनांविषयीं एक गंमत. आमच्या शेजारीं तिसऱ्या रांगेचीं आसनें काढून ओसरीवर ठेविलीं आहेत, आणि तेथले आजोबा रोज सकाळीं त्यांतल्या एकावर बसून वर्तमानपत्र वाचतात. त्यांच्या मतें गाडींत घेण्यासारखी वस्तु तीच होती.

खरेदीच्या व्यवहारांत फसवणूक होते असें सरसकट म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु कागद वाचणारास कमी द्यावें लागतें, एवढें खरें. जाहिरातींतली ती एक्स-शोरूम किंमत. महाराष्ट्रांत दहा लाखांच्या आंतील पेट्रोलच्या गाडीस त्यावर शेंकडा ११ रस्ता-कर, शिवाय नोंदणी, फास्टॅग आणि विमा. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीस एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो चुकत नाहीं. परंतु विमा दुकानदाराच्याच हातून घेतला पाहिजे असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. बाहेरून भाव काढल्याचें सांगतांच आमच्या दुकानांत तो आंकडा बसल्या जागीं सहा हजारांनीं उतरला. ‘हँडलिंग’ म्हणून एक रक्कम यादींत होती. सूनबाईंनीं तिचा अर्थ विचारला, दोघांतिघांनीं तीन अर्थ सांगितले, आणि मग ती रक्कम यादींतून गेली. ताब्यांत घेण्यापूर्वीं गाडी दिवसाउजेडीं पाहावी. टायरवर चार आंकड्यांची एक खूण असते. पहिले दोन आंकडे आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. त्यावरून टायर किती दिवस उन्हांत पडून होता तें कळतें. हें मुहूर्त पाहण्याच्या आधीं करावें. आधीं मुहूर्त धरून बसलेलें गिऱ्हाईक घाईंत असतें, आणि दुकानदारासहि पंचांग समजतें.

घाटांतून भरलेली गाडी नेण्याविषयीं मात्र सविस्तर लिहिलें पाहिजे. कारण आपल्याकडे देव, माहेर आणि आजोळ हीं बहुधा घाटाच्या पलीकडेच असतात. कुंभार्लीचा घाट आम्ही आतां सहा वेळां गाडीनें केला आहे. निघण्यापूर्वीं टायरांतली हवा पाहावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी असते, तींत रिकाम्या गाडीस किती व भरलेल्या गाडीस किती असे दोन आंकडे दिलेले असतात. बहुतेक लोक वर्षभर पहिल्यावरच चालवितात. चढावर इंजिन अगदीं धापा टाकूं लागेपर्यंत वरच्या गियरांत ओढूं नये. आधींच खालचा गियर घालावा, आणि फारच खडा चढ असेल तेथें वाऱ्याचें यंत्र दोन मिनिटें बंद ठेवावें. लहान इंजिनास तेवढ्यानेंहि फरक पडतो. उतरतांना अधिक सावध असावें. ज्या गियरांत घाट चढलों त्याच गियरांत उतरावें, हा एस.टी.च्या जुन्या चालकांचा दंडक आहे. गियर काढून गाडी सोडून दिली कीं इंजिन तिला आवरीत नाहीं, सगळा भार ब्रेकांवर येतो. सात माणसांच्या वजनानें ते तापतात, जळका वास येऊं लागतो आणि शेवटीं धरीनासे होतात. वास आला तर गाडी बाजूस घेऊन अर्धा तास मंडळींस खालीं उतरवावें. ब्रेकांवर पाणी ओतूं नये.

रात्रींच्या प्रवासाविषयीं एक बारीक गोष्ट. मागें माणसें बसलीं कीं गाडीचा मागचा भाग दबतो, नाक वर होतें आणि दिव्यांचा झोत समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत जातो. तो बिचारा आपणांस शिव्या देतो आणि आपण त्यास. चालकाच्या उजव्या हातास दिव्यांचा झोत खालीं-वर करण्याची एक लहान चकती बहुतेक गाड्यांत असते. आम्हीं दहा-बारा गाडीवाल्यांस तिच्याविषयीं पुसलें. तिचा उपयोग एकासच माहीत होता.

पट्ट्यांविषयीं घरांत वाद होतात. पुढच्या दोघांनीं पट्टा लावावा आणि मागच्यांनीं गप्पा माराव्या, असा एक प्रघात पडला आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री अपघातांत गेले. ते फार चांगल्या आणि महागड्या गाडींत होते, परंतु मागच्या आसनावर होते, आणि पट्टा लावलेला नव्हता असें पोलिसांनीं सांगितलें. स्वस्त गाडीविषयीं तर बोलावयासच नको. ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेनें २०१६ सालीं त्या वेळच्या इकोस धडकेच्या परीक्षेंत एकहि तारा दिला नव्हता. २०२१ सालीं ट्रायबरला प्रौढांच्या रक्षणासाठीं चार व मुलांच्या रक्षणासाठीं तीन तारे मिळाले. सुधारणा झाली, हें स्पष्टच आहे. परंतु ही परीक्षा ताशीं ६४ किलोमीटरांच्या वेगानें पुढून धडक देऊन घेतलेली आहे, आणि बाहुले बसविलेले पहिल्या दोन रांगांत. शेवटच्या रांगेच्या मागें किती पत्रा आणि कांच आहे तें आपण हात लावून पाहावें. म्हणून आमच्या घरीं द्रुतगति मार्गावर जावयाचें असल्यास शेवटच्या रांगेंत कोणी बसत नाहीं. मग दोन माणसें एस.टी.नें येतात. मुलांस घाटरस्त्यावर, कमी वेगांत, पट्टा लावूनच तेथें बसूं देतों. आणि आठवें माणूस मांडीवर घेणें, ही आपल्याकडील प्रेमाची पद्धति, साफ बंद केली आहे. धाकटे चिरंजीव पुण्याहून सहकुटुंब येतात त्या दिवशीं माणसें नऊ होतात. त्या दिवशीं दुसरी गाडी भाड्यानें आणितों.

मग इतकें करून ही गाडी घ्यावी काय? सूनबाईंनीं पहिल्या वर्षीं एक वही ठेविली होती. सातहि आसनें भरलीं असे दिवस वर्षांत अकरा निघाले. चार किंवा अधिक माणसें बसलीं ते दिवस साठांच्या आसपास. बाकी सर्व वर्ष एक-दोन माणसें, बँक, बाजार, मुलांची शिकवणी. केवळ हिशेब केला तर चौघांची लहान गाडी घेऊन त्या अकरा दिवसांपुरती मोठी भाड्यानें आणणें स्वस्त पडतें, आणि ज्यांच्या घरीं म्हातारीं माणसें नाहींत त्यांनीं तेंच करावें असें आमचें मत आहे. परंतु आमच्या घरची गोष्ट निराळी. पूर्वीं कोठें जावयाचें झालें म्हणजे “वहिनींना कशाला दगदग” असें म्हणून त्यांस वगळण्यांत येई, आणि त्याहि “हो, मला कशाला” म्हणत. गाडी आल्यापासून त्या पुढच्या आसनावर बसून चिपळूणला आपल्या माहेरच्या घरीं दोनदां जाऊन आल्या. मधल्या चौदा वर्षांत त्यांस तें घडलें नव्हतें. ही रक्कम वहींत कोणत्या सदराखालीं धरावी तें सूनबाईंसहि ठरवितां आलें नाहीं. त्यांनीं तेथें नुसती खूण केली आहे.

शेजारच्या वेदमूर्तींचा अनुभव निराळा आहे. त्यांच्याकडे सरकत्या दाराची गाडी, सीएनजीवर चालणारी. चार सहाध्यायी, समिधा, कलश, पाट आणि होमकुंड असा संसार घेऊन ते वाई-कऱ्हाडपर्यंत जातात. इंजिन आसनाखालीं असल्यामुळें वैशाखांत बैठक तापते, पण ते म्हणतात, अग्नीशीं आमचा परिचय जुना आहे. सरकत्या दाराचा गुण त्यांनीं सांगितला तो आम्हांसहि पटला: पेठेच्या बोळांत दुसऱ्याच्या भिंतीस न लागतां दार उघडतें, आणि सोवळ्यानें उतरतां येतें.

एका भगिनींनीं रंगाविषयीं पुसलें आहे. पांढरा रंग उन्हांत कमी तापतो आणि धूळ कमी दाखवितो, म्हणून आम्हीं पांढरा घेतला. त्याचा एक परिणाम ध्यानांत असूं द्यावा. ह्या आकाराच्या पांढऱ्या गाड्या आमच्या बाजूस वडापवाल्यांकडे पुष्कळ आहेत. त्यामुळें साताऱ्याच्या एस.टी. स्थानकापाशीं आमची गाडी क्षणभर थांबली तरी कोणी ना कोणी हात करतो आणि “पांचवड? पांचवड?” असें विचारतो. परवां सूनबाई चालवीत होत्या तेव्हां एक म्हातारबाबा उत्तराची वाट न पाहतां दार उघडून आंत बसलेच. सूनबाईंस वाढ्यापर्यंतच जावयाचें होतें. त्यांनीं त्यांस लिंबखिंडीपर्यंत पोंचविलें. म्हातारबाबांनीं उतरतांना दहा रुपये पुढें केले, आणि ते घेत नाहींत असें पाहून, “नवीन दिसतां ह्या धंद्यांत,” असें म्हणाले.